शेवटच्या पानावरचं बटण

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, ज्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी चालायला जातो त्यालाही नाही. सांगायचं म्हणून एकदोनदा तोंड उघडलं — आणि भलतंच काहीतरी बोलून गेलो. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं ते जात नाहीये.

लोक मला काय समजतात, ते आधी सांगतो. म्हणजे पुढचं किती वाईट आहे, ते कळेल.

मी तंजावूरचा. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत मराठी बोलणारी जी जुनी कुटुंबं आहेत, त्यांतलं एक आमचं. मध्ये काही वर्षं पुण्याला नोकरी केली, वडिलांची तब्येत बिघडली तेव्हा परत आलो आणि इथल्याच एका लहानशा कंपनीत लागलो. वेबसाइट बनवणं हे माझं काम. आता या भागात मला ओळखतात ते मात्र वेगळ्या कारणासाठी — ज्यांना दिसत नाही त्यांनाही वापरता येतील अशा साइट बनवणारा माणूस म्हणून. कॉलेजं भाषणाला बोलावतात. शाल पांघरतात. मुलंमुली येऊन म्हणतात, सर, आम्हालाही असंच काम करायचंय.

मी मान हलवतो. दुसरं काय करणार?

माझ्या थोरल्या काकांची मुलगी शकुंतला. माझ्याहून मोठी, म्हणून शकू अक्का. आमची घरं एकाच गल्लीत. शाळेत असतानाच तिची नजर हळूहळू जात गेली. आधी फळ्यावरचं दिसेना, मग पुस्तकातलं. कॉलेजात गेली तेव्हा तिला उजेड कुठून येतोय एवढंच कळायचं. तरी इतिहासात एम. ए. केलं, बी. एड. केलं. काकू वाचून दाखवायची आणि ही ऐकायची. पुढच्या खोलीत शिकवणी घ्यायची, अजून घेते. तिच्याकडे आलेली मुलं चोळांबद्दल असं बोलतात, जसे काही ते राजे मागच्या गल्लीत राहत होते.

मग तिरुचीला जाऊन ती कॉम्प्युटर शिकली. पहिले काही दिवस काकू बसमधून सोबत जायची, नंतर ही एकटी. पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारा प्रोग्राम असतो, स्क्रीन रीडर म्हणतात त्याला. माउस नाही. टॅबची कळ दाबत एकेका गोष्टीवरून पुढे जायचं आणि ऐकायचं — इथे नाव लिहा, इथे गाव लिहा, हे बटण आहे. ज्या दिवशी तिने घरचं विजेचं बिल स्वतः भरलं, त्या दिवशी काकूने गल्लीत केसरी, म्हणजे आमच्याकडचा गोड शिरा, वाटला. अक्काला त्याचा राग आला. बिलच तर भरलं, असं म्हणाली. पण खूश होती. तिचा भाऊ मोहन अण्णा बँकेत आहे, पापनाशमच्या शाखेत. तोवर तिची असली सगळी कामं तोच करायचा. करायचा, पण एक उसासा सोडून. तो उसासा आता ऐकावा लागत नाही, असं ती एकदा मला म्हणाली होती.

हे मला ठाऊक होतं. हेच सांगतोय — मला सगळं ठाऊक होतं.

आमच्या कंपनीला एका संस्थेचं काम मिळालं. त्यांच्या शाळा होत्या, आणि शिक्षकांचे अर्ज त्यांना यापुढे फक्त वेबसाइटवरूनच घ्यायचे होते. इतिहासाच्या शिक्षकाची एक जागा त्यांनी दृष्टिहीन उमेदवारासाठी ठेवली होती. म्हणून संस्थेच्या सेक्रेटरीबाईंनी आमच्या साहेबांना आग्रहाने सांगितलं, की ज्यांना दिसत नाही त्यांना साइट वापरता आलीच पाहिजे, आणि तशा एखाद्या माणसाकडून ती तपासून घ्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, माझी बहीणच आहे.

किती सहज म्हणालो. अभिमानाने म्हणालो.

लॅपटॉप घेऊन अक्काकडे गेलो. तिने कानाला हेडफोन लावला आणि कामाला बसली. पहिली पानं बरी झाली होती, तरी तिने दोन चुका काढल्या. जन्मतारीख निवडायचं कॅलेंडर तिच्या हाताखाली येतच नव्हतं, आणि फोटो चढवायच्या जागेला नाव नव्हतं. मी तिथेच बसून दुरुस्त केलं. शेवटचं पान तेव्हा तयार नव्हतं. ती म्हणाली, ते झालं की आण, तेवढं राहायला नको. मी हो म्हणालो.

ते पान तयार झालं. मी ते नेलं नाही.

का नेलं नाही? पुष्कळदा विचार केलाय. दुसरं काम आलं होतं, हे खरं. साहेब घाई करत होते, हेही खरं. पण तिचं घर माझ्या घरापासून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर आहे. तेव्हा ही कारणं ठेवून देतो. मला कंटाळा आला होता, एवढंच. त्या पानावर मी एक बटण केलं होतं — गोल कडांचं, हिरवं, माउस नेला की किंचित उजळणारं. पण ते खरं बटण नव्हतंच. बटणासारखा दिसणारा एक रंगीत चौकोन. माउसने दाबलं की अर्ज जायचा. टॅबने त्याच्यापर्यंत पोचताच येत नव्हतं. स्क्रीन रीडरला ते असल्याचा पत्ताही नव्हता. हे मला करतानाच माहीत होतं. मनात म्हटलं, नंतर बघू.

आणि साहेबांना सांगितलं की संपूर्ण साइट दृष्टिहीन व्यक्तीने तपासली आहे, सगळं ठीक आहे. साहेबांनी ते सेक्रेटरीबाईंना कळवलं. बाईंनी आभार मानले. अक्काचेही मानले, ते मी तिला पोचवले. शेवटच्या पानाचं तिने विचारलं, तेव्हा सगळं तपासून झालंय म्हणालो.

इथपर्यंतची चूक मी कदाचित कोणालातरी सांगूही शकलो असतो. कामचुकारपणा. हसून सांगता येतो. खरी गोष्ट अजून यायची आहे, आणि मी तिच्याभोवती फिरतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

जाहिरात आली. इतिहासाची ती जागा पापनाशमजवळच्या शाळेत होती. मोहन अण्णाच्या बसने अक्का रोज त्याच्याबरोबर जाऊ-येऊ शकली असती. यापेक्षा सोयीचं काही असू शकेल? तिने मला एकट्याला सांगितलं. घरात इतक्यात बोलू नकोस, म्हणाली. अर्ज पाठवून झाला की तीच सांगणार होती. सर्टिफिकेटं अण्णाकडून स्कॅन करून घेतली, तीही कशाला हवीत ते न सांगता. त्यात दिवस गेले. अर्ज भरायला बसली ती शेवटच्या दिवशी दुपारी. सहा वाजता साइट बंद होणार होती.

मी त्या दिवशी साहेबांबरोबर कुंभकोणमला होतो, त्यांच्या एका नातेवाइकाच्या मुलीच्या साखरपुड्याला. हॉलमध्ये नादस्वरम चाललं होतं. फोन वाजला तेव्हा पाच वाजून गेले होते. अक्काचं नाव पाहिलं आणि — खोटं सांगत नाही — उचलायच्या आधीच मला कळलं.

मी दुसऱ्या कानावर हात ठेवून ऐकलं. तिचा आवाज नेहमीसारखाच शांत होता.

"रघू, सगळं भरून झालं. पण शेवटचं बटण कोठे आहे? मला मिळत नाही."

माझ्या शेजारच्या खुर्चीवर साहेब बसले होते. त्यांनी भुवया उंचावल्या, काय झालं अशा अर्थाने. मी हाताने काही नाही म्हटलं.

आता मी काय बोलू शकलो असतो, ते सांगतो. एक वाक्य पुरलं असतं. अक्का, काकूला बोलाव आणि ते हिरवं बटण माउसने दाबायला सांग. काकू तिथेच स्वयंपाकघरात होती. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नसलं तरी हिरवं दिसत होतं. एका मिनिटात अर्ज गेला असता. पण अक्काने लगेच विचारलं असतं, मग मला का मिळत नाही? तू तर सगळं तपासलं म्हणाला होतास. आणि तिने विचारलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं — तिथे, साहेबांच्या शेजारी बसून.

मी म्हणालो, "ते आहे अक्का. सगळ्यांना मिळतंय. तुझ्या कॉम्प्युटरचंच काहीतरी असेल. बंद करून परत पहिल्यापासून कर."

ती म्हणाली, "सरी."

आमच्यात बरं, ठीक, हो — सगळ्यालाच सरी म्हणतात. एवढा लहान शब्द. तो म्हणून तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि फोन ठेवला.

तिने खरंच पहिल्यापासून केलं. नाव, गाव, शिक्षण, फोटो, सर्टिफिकेटं — सगळं, ऐकत ऐकत. शेवटच्या पानावर आली. टॅब दाबत राहिली. त्या पानावरून खाली जायची, परत वर यायची. मी हे पाहिलं नाही. काकूने नंतर सांगितलं, की पोर कळ दाबत होती, दाबत होती, आणि मी कॉफी नेऊन ठेवली ती तशीच गार झाली. मध्ये तिने मला आणखी एकदा फोन केला. तो मी उचलला नाही. पंगत बसली होती, पानावर गोड वाढलं होतं. मी जेवलो.

सहाला साइट बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात जाऊन मी ते बटण दुरुस्त केलं. किती वेळ लागला असेल? शेजारचा सहकारी चहा घेऊन यायच्या आत झालं. मग लॅपटॉप घेऊन अक्काकडे गेलो. मी तिची माफी मागायला गेलो होतो असं तुम्हाला वाटत असेल. मलाही जाताना काही क्षण तसंच वाटत होतं.

ती पुढच्या खोलीत चटईवर बसली होती. केस विंचरलेले, साडी नीट, नेहमीसारखी. मी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. खरी साइट बंद झाली होती, पण तपासायची एक प्रत माझ्याकडे असते. तीत तेच शेवटचं पान उघडून दिलं. म्हटलं, बघ तरी. तिने टॅब दाबला. आवाज आला — अर्ज पाठवा, बटण.

तिने परत मागे जाऊन पुढे येऊन ऐकलं. अर्ज पाठवा, बटण.

"काल हे मला ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

"घाईत होतीस अक्का. पुढे निघून गेली असशील."

तिची बोटं कळांवर तशीच होती. मग म्हणाली, "असेल."

हीच ती गोष्ट. बटण नाही, साखरपुड्यातला फोनही नाही. तिच्या बोटांवरचा तिचा भरवसा मी तिच्यासमोर बसून काढून घेतला, त्यासाठी आधी पुरावा तयार करून नेला, आणि ती तो तपासत असताना पाहत बसलो. तिला दिसत नव्हतं म्हणून माझा चेहरा लपवायचीही गरज पडली नाही. कसा होता तो चेहरा, मला माहीत नाही. काकूने मला कॉफी आणून दिली. मी प्यालो.

पुढे सेक्रेटरीबाईंनी साहेबांना सांगितलं, की ती राखीव जागा रिकामीच राहिली, कोणाचा अर्जच आला नाही. फार वाईट वाटलं त्यांना. इतकं करूनही ही माणसं पुढे येत नाहीत, असं म्हणाल्या. साहेबांनी मान डोलावली. मीही.

अक्काने त्यानंतर कॉम्प्युटर कपाटात ठेवून दिला. भांडून नव्हे, रडून नव्हे. हळूहळू. बिलं परत अण्णा भरू लागला. शिकवणीला येणाऱ्या एखाद्या मुलाच्या आईने विचारलं तर ती हसून म्हणायची, मला ते नीट जमत नाही, मी चुकते. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या मुलाची आई म्हणाली, असू दे हो, या वयात कशाला. अक्का तेव्हा चाळिशीचीही नव्हती. फोन तेवढा वापरते. पुस्तकं ऐकते, घरच्यांचे मेसेज ऐकते. पण काही भरायचं, पाठवायचं असलं की तो अण्णाच्या हातात देते. तो उसासा सोडतो. मी तिथे असलो तर मलाही ऐकू येतो.

आणि मी? मी सुधारलो, असंच म्हणायला हवं. त्यानंतर एकही साइट न तपासता दिली नाही. तिरुचीच्या एका संस्थेतल्या माणसांकडून प्रत्येक पान वापरून घेतो, ते म्हणतील ते बदलतो. साहेबांना त्यातून कामं मिळाली, मला नाव मिळालं. भाषणांची बोलावणी येऊ लागली. भाषणात काहीतरी गोष्ट सांगावी लागते — नुसते नियम कोण ऐकणार? तेव्हा मी एक गोष्ट सांगू लागलो. माझी बहीण, तिला दिसत नाही. तिने मला एक मुकं बटण दाखवून दिलं. मी लगेच ते दुरुस्त केलं, आणि त्या दिवसापासून माझं आयुष्य बदललं. मग टाळ्या.

किती वेळा सांगितली असेल मी ती? सांगताना माझा गळा भरून यायचा, आणि तो खरोखरच भरून यायचा. त्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

अशाच एका भाषणाचा व्हिडिओ यंदा कोणीतरी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. अक्काने काहीच पाठवलं नाही. काही दिवसांनी मी काकूकडे नारळ द्यायला गेलो होतो. शिकवणीची मुलं नुकतीच गेली होती, अक्का चटया गुंडाळत होती. मी निघणार तेवढ्यात तिने विचारलं.

"रघू, त्या भाषणातलं बटण कोणतं?"

चटई तिच्या हातात अर्धी गुंडाळलेली होती. बाहेर कोणाची तरी मोपेड सुरू होत नव्हती. तो आवाज मला स्पष्ट आठवतो.

मी म्हणालो, "ते दुसऱ्या कामातलं. बहीण म्हटलं की लोक ऐकतात, म्हणून तसं सांगतो."

"म्हणजे माझं नव्हे."

"नव्हे अक्का."

ती हसली. "सरी. मला वाटलं, त्या दिवशी माझं बरोबर होतं की काय."

आणि तिने चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली.

इतक्या वर्षांनी ती स्वतः दार उघडून उभी होती. माझ्या शेजारी साहेब नव्हते, कोणाचा साखरपुडा नव्हता, नोकरी जाण्याची भीती नव्हती. कोणी नव्हतंच. तरी मी तेच केलं. मग पहिल्या वेळी साहेब शेजारी होते म्हणून केलं, असं मी स्वतःला जे सांगत आलो, त्याला काय अर्थ राहिला?

हे मी देवनागरीत लिहिलं आहे. आमच्या घरांत सगळे मराठी बोलतात, पण ही लिपी वाचणारं माझ्याशिवाय कोणी नाही. ती मी पुण्याला नोकरीत असताना शिकलो. तमिळमध्ये लिहिलं असतं तर अण्णाने वाचलं असतं, माझ्या बायकोने वाचलं असतं. म्हणूनच ही लिपी धरली का? हो, त्यासाठीच. लपूनच सांगायचं होतं मला. अर्धं लिहून झाल्यावर लक्षात आलं, की अक्काच्या फोनला लिपीची अडचण नाही. त्यात मराठी आवाज आहे. मीच घालून दिलाय. आमच्या सगळ्या गोतावळ्यात हे ज्या एकीपर्यंत पोचू शकतं, ती तीच आहे. ते कळल्यावर मी लिहिणं थांबवलं. बरेच दिवस हात लावला नाही. मग पुन्हा बसलो.

अक्का, तुला मिळेल असं बटण त्या दिवशी तिथे नव्हतंच. मी ते दुसऱ्या दिवशी सकाळी केलं आणि मग तुझ्याकडे आलो. तू घाई केली नव्हतीस. त्या दिवशी तुझं बरोबर होतं.